कोठडीतल्या दुबळ्या माणसाशेजारी बसणाऱ्यांचा खर्च कोणी उचलायचा?

अनुबंध

पोलीस ठाण्यात आणलेल्या माणसाला बौद्धिक दिव्यांगत्व असेल, मानसिक आजार उसळलेला असेल, ऐकू येत नसेल किंवा तिथली भाषाच कळत नसेल, तर चौकशीच्या वेळी त्याच्या शेजारी एक त्रयस्थ, शिकवून तयार केलेला माणूस बसायला हवा. आणि असा माणूस पाठवणाऱ्या संस्थांचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. हे काम देणगीदारांच्या मर्जीवर सोडू नये. विरोध असणार, म्हणूनच धागा काढतेय.

इंग्लंडमध्ये ही सोय आहे आणि ती एका अन्यायातून आली. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट नावाच्या माणसाचा खून झाला. पोलिसांनी तीन मुलं धरली: वयं १८, १५ आणि १४. थोरल्याला बौद्धिक दिव्यांगत्व होतं. पहिल्यांदा प्रश्न विचारले जात असताना त्यांच्याजवळ त्यांचं असं कुणीही नव्हतं. तिघांनी कबुली दिली, तिघांनाही शिक्षा झाली. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. मग चौकशी, मग आयोग, आणि शेवटी १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा. त्याच्या संहितेनुसार अल्पवयीन किंवा दुर्बळ व्यक्तीच्या चौकशीला ‘अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅडल्ट’ हजर असावा लागतो. तो वकील नसतो आणि पोलिसांचा नोकरही चालत नाही. समोरच्याला प्रश्न कळतोय का, हक्क समजलेत का, गोळ्या मिळाल्या का, हे बघणं आणि गरज पडली तर मध्ये बोलणं हे त्याचं काम.

आता पैशाचा मुद्दा. १९९८ च्या कायद्याने मुलांसाठी अशी माणसं पुरवणं तिथल्या स्थानिक प्रशासनाचं बंधनकारक कर्तव्य झालं. दुर्बळ प्रौढांसाठी मात्र ते कुणावरच बंधनकारक केलं नाही. परिणामी मुलांची सोय होते आणि प्रौढांची सोय त्या त्या भागात कोण किती पैसा काढतो यावर ठरते. एकच काम, एकच ठाणं, पण पैशामागे कायदा नसला की असं होतं.

आपल्याकडे तर ही भूमिकाच कायद्यात नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पासारखे मोजके लोक १९९० पासून मुंबईत पोलीस ठाणी, न्यायालयं आणि तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवत आलेत. ते काम राज्यभर पोचवायचं तर पैसा लागेल. तो कोणी द्यायचा?

निवृत्त_अंमलदार

अनेक वर्षं ठाण्यात काढली आहेत, म्हणून लिहितो. इंग्लंडचं उदाहरण इथे चिकटवू नका. तिथे पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालते. आपल्याकडे ती चालतच नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ आहे. ज्या धोक्यासाठी त्यांनी हा माणूस बसवला, तो धोका आपल्या कायद्याने मुळातच काढून टाकलाय.

शिवाय संरक्षणाची तरतूद कमी नाही. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं घटनेतच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, सगळं घालून दिलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकअपसह ठाणंभर कॅमेरे लावायला सांगितले. अल्पवयीन मुलाला तर लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही.

तुमच्याकडे पैसा असेल तर ठाण्याला द्या. रात्रपाळीला महिला अंमलदार द्या, बोलावल्यावर येणारा डॉक्टर द्या, आरोपी न्यायला गाडी द्या. बाहेरचा माणूस आत बसवलात की जबाबदारी वाटली जाते. लॉकअपमध्ये काही बरंवाईट झालं तर निलंबित कोण होणार? ठाणे अंमलदारच ना? मग अधिकारही त्याचाच राहू द्या.

कोर्टाची_पायरी

कलम २३ चा आधार अर्धाच घेतलात, साहेब. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर त्या सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. रोजच्या फौजदारी कामात किती खटले या निवेदन पंचनाम्यावर उभे असतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आणि दंडाधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब तर पूर्ण पुरावा. तो द्यायला येणारा माणूस कुठून येतो? अनेकदा कोठडीतूनच. घाबरलेल्या, ‘हो’ म्हणायची सवय लागलेल्या माणसाला हा फरक उमगत नाही.

चोवीस तासांचंही तसंच. त्यानंतर दंडाधिकारी पोलीस कोठडी देऊ शकतात, एकूण पंधरा दिवसांपर्यंत, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती तुकड्यातुकड्यानेही घेता येते. वकिलाला चौकशीदरम्यान भेटता येतं, पण पूर्ण वेळ बसता येत नाही, असं त्याच संहितेच्या कलम ३८ मध्येच लिहिलंय.

एक विसंगती बघा. याच संहितेच्या कलम १७९ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी जायचं. अत्याचाराची तक्रार देणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक हजर ठेवायचा. म्हणजे अशा व्यक्तीला प्रश्न विचारताना आधार लागतो हे कायद्याला मान्य आहे. तीच व्यक्ती आरोपी म्हणून आणली की चौकशीत तिच्या शेजारी असं कुणी बसलंच पाहिजे, असं कलम सापडत नाही.

पण अनुबंध, तुमच्याशीही माझा वाद आहे. संस्थांना पैसा कशाला? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये कोठडीतली प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे, उत्पन्न कितीही असो. १९८३ मध्येच पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अटक होताच पोलिसांनी विधी साहाय्य समितीला कळवावं, आणि मुंबईतल्या लॉकअपना न्यायाधीशांनी अचानक भेटी द्याव्यात. २०१९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने अटकेच्या टप्प्यावर वकील पोचवण्याची चौकटही आखली. सगळं कागदावर आहे. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला रात्री ठाण्यात जायचं धड मानधन द्या, तो जाईल. नवी यंत्रणा उभी केली की जुनीला कायमची सुट्टी मिळते, हे मी बघत आलोय.

मोकळा_श्वास

सरकारी पैसा? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ज्या सरकारचे पोलीस, त्याच सरकारच्या अनुदानावर जगणारी संस्था पोलिसांविरुद्ध तक्रार करेल, असं खरंच वाटतं? पहिल्या वर्षी करेल. दुसऱ्या वर्षी अनुदानाची फाईल महिनोन्‌महिने हलणार नाही, तिसऱ्या वर्षी अहवालातले शब्द मऊ होतील. कुणी धमकी द्यायचीही गरज पडणार नाही.

दुसऱ्यांचा पैसाही सरकार थांबवू शकतं, तिथे स्वतःच्या पैशाचं काय? कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्ह ही संस्था पोलीस सुधारणा आणि कोठडीतल्यांच्या हक्कांवर काम करत होती. तिची परदेशी निधीची नोंदणी २०२१ मध्ये निलंबित झाली, २०२२ मध्ये रद्द झाली. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. या कामात माणसाचा वेळ हाच खर्च असतो. इमारत नाही, यंत्र नाही, औषध नाही. मग पगाराला पैसा कुठून काढायचा?

लोकवर्गणी हाच स्वच्छ मार्ग आहे. कमी पैसा, लहान काम, पण मान ताठ.

शेवंती

आरोपीच्या शेजारी बसायला माणूस, त्याचा पगार माझ्या करातून. आणि ज्या बाईचं मंगळसूत्र ओढलं तिच्या शेजारी कोण बसतं? ती बाकावर तासन्‌तास एकटीच बसलेली असते. आधी तिचं बघा, मग बाकीच्यांचं.

अनुबंध

शेवंती, तुमचा राग रास्त आहे आणि तिच्याही शेजारी माणूस हवाच. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी पॉक्सो नियमांत ‘सहायक व्यक्ती’ आहे. तिथे राज्याने पैसा द्यायचा हे तत्त्व मान्य झालंय. ते वाढवायला माझा पूर्ण पाठिंबा. पण चुकीच्या माणसाने कबुली दिली की मंगळसूत्र ओढणारा मोकळाच राहतो. यात त्या बाईचाही तोटा आहे.

धाकटी_बहीण

मी फार कायदा जाणत नाही. माझा भाऊ चौतीस वर्षांचा आहे, समज लहान मुलाची. दिसायला धडधाकट, दाढी वाढलेली, म्हणून कुणाला कळत नाही. आवाज चढवून विचारलं की तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, कारण ‘हो’ म्हटलं की ओरडणं थांबतं हे तो शाळेत शिकलाय. सायकल चोरीच्या संशयावरून त्याला एकदा ठाण्यात नेलं होतं. मी पोचेपर्यंत ‘हो, मीच घेतली’ असं सांगून झालं होतं. कोणती सायकल, विचारल्यावर त्याने आमच्या घरच्या सायकलचं वर्णन केलं. त्याला कुणी मारलं नव्हतं. ठाण्यातला माणूस वाईटही नव्हता, घाईत होता. कॅमेऱ्यात बघितलं असतं तर सगळं व्यवस्थितच दिसलं असतं.

वकील चांगलाच, पण वकिलाला तरी कसं कळणार की याचं ‘हो’ म्हणजे ‘हो’ नव्हे? ते ओळखायला निराळं शिक्षण लागतं. पैसा कोणाचा याने मला फरक पडत नाही. कुणीतरी फोन केल्यावर यावं, एवढंच.

निवृत्त_अंमलदार

ताई, तुमच्या भावासारखी माणसं पाहिली आहेत. म्हणूनच म्हणतो, हे ओळखायचं शिक्षण अंमलदाराला द्या. रात्री दोन वाजता ठाण्यात तो असतो. संस्थेचा माणूस येईपर्यंत चार वाजतील, आणि तोवर माझे चोवीस तास पळत असतात.

अनुबंध

अंमलदारांना ते शिक्षण मिळायलाच हवं, नाहीतर फोन करायचा हेच कुणाला सुचणार नाही. पण तपासी अधिकाऱ्यावर गुन्हा उकलायचा दबाव असतो. त्याच माणसाने त्याच क्षणी आरोपीची बाजूही सांभाळावी, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. इंग्लंडमध्ये पोलिसांच्या नोकराला या कामाला मनाई आहे ती याचसाठी. आणि जबाबदारी वाटली जात नाही: कोठडीतला मृत्यू झाला तर चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं बंधन १९९३ पासून तुमच्याच खात्यावर आहे, ते तिथेच राहील. उलट नियमाने वागलेल्या अंमलदाराला एक बाहेरचा साक्षीदार मिळेल.

कोर्टाची पायरी, मानधन वाढवा, माझाही आग्रह आहे. पण शेजारी बसणारा आणि वकील यांची कामं वेगळी, हे धाकटी बहीण यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

मोकळा श्वास, तुमचा आक्षेप सर्वांत जड आहे. तरी लोकवर्गणीवर माझा विश्वास बसत नाही. शाळेला लोक देतात, रुग्णालयाला देतात, गोशाळेला देतात. चोरीच्या संशयितासाठी पावती फाडायला कोण येईल? कंपन्यांचा दोन टक्क्यांचा सामाजिक निधीही फोटो काढता येईल अशाच ठिकाणी जातो. म्हणून पैसा सरकारचा, पण गृहखात्याच्या हातातून नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश असतात. निधी तिथे द्यावा, संस्थेशी करार किमान तीन वर्षांचा असावा, तो मध्येच तोडायचा तर लेखी कारण द्यावं लागावं, आणि ठाण्याविरुद्धची तक्रार थेट न्यायाधीशांकडे जावी. पुढच्या नूतनीकरणात ठाण्याचा अभिप्राय विचारायचाच नाही.

मोकळा_श्वास

न्यायाधीशांकडे पैसा येतो तो राज्याच्या अर्थसंकल्पातूनच ना? तोच आकडा एका वर्षी निम्मा केला की करार तुमच्या हातात आणि पगार थकलेला. तीन वर्षांची पूर्ण रक्कम आधीच प्राधिकरणाच्या खात्यात जमा होणार असेल तर माझा विरोध निम्मा कमी होईल. उरलेला राहील.

कोर्टाची_पायरी

आधी जमा, हे अट म्हणून करारात लिहिता येईल. मी आणखी एक घालीन: प्रत्येक रिमांड अर्जासोबत (कोठडी मागणाऱ्या अर्जासोबत) एक ओळ सक्तीची करा, ‘आरोपीस आधाराची गरज आहे का, असल्यास कोणास व किती वाजता कळवले’. दंडाधिकाऱ्याने ती वाचल्याशिवाय कोठडी देऊ नये. याला एक रुपयाही लागत नाही, आणि संस्थेला पैसा द्यायचा की पॅनेलच्या वकिलाला, हा आपला वाद मिटेपर्यंत निदान आकडे तरी जमा होतील.