मदत हवी आहे: ऑपरेशननंतर बाळाचा आवाजच येत नाही

बार्शीकर_८८ (रात्री ११:४२)
कुणाला माहिती असेल तर लगेच सांगा. ऑपरेशन झालं, परवा घरी आलो. सक्सेस आहे म्हणाले, ईको पण चांगला आलाय. पण पोरीचा आवाजच येत नाही. रडते, तोंड लालबुंद होतं, पाय झाडते, आणि आवाज काय तर सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखा फुस्स. आधी रडली की शेजारचे विचारायला यायचे. फोन केला तर म्हणाले व्हेंटिलेटरच्या नळीमुळे असेल, होईल बरं, २१ तारखेला दाखवा. घशाचं काही केलेलंच नाही, मग आवाज गेला कसा?

सुमेधा_मी (११:५०)
कसलं ऑपरेशन? बाळ किती महिन्यांचं? व्हेंटिलेटरवर किती दिवस होतं? काहीच लिहिलं नाहीत तर काय सांगणार?

आजीचाबटवा (११:५८)
वेखंड उगाळून मधातून दोन वेळा चाटवा. माझ्या दोन्ही नातवंडांना दिलंय. आवाज असा मोकळा होतो की गल्ली डोक्यावर घेतील.

सुमेधा_मी (१२:०१)
आजी, कृपा करा. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडणं) होऊ शकतो, आणि हे तर ऑपरेशन झालेलं बाळ.

आजीचाबटवा (१२:०४)
आमच्या वेळची सगळी मुलं मग मेलीच म्हणायची.

बार्शीकर_८८ (१२:०९)
भांडू नका हो. हार्टचं ऑपरेशन. वय अडीच महिने. नळी ९ दिवस होती, मध्ये एकदा काढून परत घातली.

खंडाळाघाट (१२:१५)
थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझाही आवाज बसला होता. सहा महिने मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, आता भजनात गातो. धीर धरा.

सुमेधा_मी (१२:१६)
अडीच महिन्यांचं बाळ गुळण्या करणार?

नाईटड्यूटी (१२:३१)
मी डॉक्टर नाही. लहान मुलांच्या कार्डियाक आयसीयूत ११ वर्षं सिस्टर होते. दादा, डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव काय आहे, जसंच्या तसं लिहा. टाके छातीच्या मधोमध आहेत की डाव्या बगलेखाली?

बार्शीकर_८८ (१२:३८)
कोआर्कटेशन रिपेअर विथ पीडीए लायगेशन. टाके डाव्या बगलेखालून पाठीकडे. आवाजाचा आणि बगलेचा काय संबंध?

नाईटड्यूटी (१२:५५)
आहे. कोआर्कटेशन म्हणजे महाधमनी, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, एका जागी अरुंद असणं. पीडीए म्हणजे तिला फुफ्फुसाच्या धमनीशी जोडणारी, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी, ती बांधून टाकली. स्वरयंत्राच्या डाव्या पट्टीला हलवणारी नस सरळ घशात जात नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून, पीडीएला अगदी चिकटून वळसा घेते आणि मग परत वर गळ्यात चढते. तुमच्या मुलीचं काम नेमकं त्याच वळणावर झालंय. उजवी नस वरच्या वरच वळते, म्हणून ती बहुतेक वेळा वाचते. नस कापली गेली असंच काही नाही, नुसती ताणली गेली तरी पट्टी बंद पडते.
नळीमुळेही होऊ शकतं. पण नळीची सूज असेल तर श्वास आत घेताना घर्र आवाज येतो. एवढ्या बाळाची श्वासाची वाट तिथे जेमतेम ४ मिमी. आतून चहूबाजूंनी १ मिमी सुजली तर २ मिमी उरते, म्हणजे पाऊण रस्ता बंद.
मला आवाजाची काळजी कमीच आहे. दूध कसं पितेय? गिळताना याच पट्ट्या मिटून श्वासनळीचं दार लावतात. एक पट्टी मिटली नाही तर फटीतून दूध फुफ्फुसात उतरतं.

बार्शीकर_८८ (१:०३)
बोंडल्याने पाजतो. तासभर लागतो, मधेच दमते, घाम फुटतो. पण खोकत नाही अजिबात. म्हणजे ठीक ना?

नाईटड्यूटी (१:०७)
नाही. एवढी बाळं पुष्कळदा खोकतच नाहीत, दूध गुपचूप आत जातं. ताप आहे? पाजल्यावर छातीत घुरघुर? बरगड्या आत ओढल्या जातात?

बार्शीकर_८८ (१:१२)
घुरघुर आहे. सर्दी समजत होतो. आत्ता ताप १००.८.

नाईटड्यूटी (१:१३)
तोंडाने काही देऊ नका, आत्ताच निघा. लहान मुलांचा आयसीयू असेल तिथे. कार्ड बरोबर घ्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून पट्ट्या बघता येतात, पाच मिनिटांचं काम. त्याशिवाय पुढचं पाजणं सुरू करू देऊ नका.

मातीचीचूल (सकाळी ७:२०)
आत्ता वाचलं. दूध फुफ्फुसात जात असेल तर नाचणीचं सत्त्व घालून घट्ट करा ना. साधा उपाय.

सुमेधा_मी (७:४१)
अडीच महिन्यांना नाचणी? घट्ट करायचं की नाही, कशाने, किती, हे गिळण्याची तपासणी करून ते ठरवतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) दूध घट्ट करायचं झँथन गमचं एक थिकनर मुदतपूर्व बाळांना देऊ नका म्हणून इशारा दिला होता, आतड्याला त्रास झाल्यामुळे.

कृष्णाकाठ (८:०५)
आमच्या मुलाला डायफ्रामची (छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची) नस लागली होती. ऑपरेशननंतर डावा पडदा हलेना, शेवटी तो शिवून ताणून घ्यावा लागला. आधी छातीचा एक्सरे आणि सोनोग्राफी करा, बाकी सगळं नंतर.

नाईटड्यूटी (८:३०)
ती फ्रेनिक नस, वेगळी. त्यात रडण्याचा आवाज जात नाही. पण श्वास जलद असेल तर तेही बघतातच.

वकीलसाहेब (९:१५)
सरळ केस ठोका. नस लागली म्हणजे निष्काळजीपणा.

कृष्णाकाठ (९:२२)
उगाच काहीही. आमच्या सर्जननी फॉर्मवर सही घेतानाच हा धोका सांगितला होता. न सांगता घरी पाठवलं हा राग खरा, पण जीव वाचवलाय त्यांनी.

पिंपळपान (९:४०)
विषयांतर होतंय, पण माझ्या पुतण्याच्या हृदयाला भोक आहे. फुले योजनेत बसतं का? पिवळं रेशनकार्ड आहे.

कृष्णाकाठ (९:५२)
बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो त्याला आधी भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही होतं. वेगळा धागा काढा.

बार्शीकर_८८ (तिसऱ्या दिवशी, दुपारी ४:१०)
सॉरी, वेळच मिळाला नाही. त्या रात्री सोलापूरला आणलं. उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया. काल दुर्बीण घातली, डावी पट्टी हलत नाही. सिस्टर, तुम्ही म्हणालात तेच. तोंडाने बंद, नाकातून पोटात दूध द्यायला राईल्स ट्यूब, अँटिबायोटिक चालू. बरीच बाळं काही महिन्यांत सुधारतात म्हणाले, नाहीतर दुसरी पट्टी सांभाळून घेते. परत दुर्बीण तीन महिन्यांनी. ताप उतरलाय.
आता एकच. ट्यूबची चिकटपट्टी काढताना गाल सोलला जातो. काल रक्त आलं, हिच्या आईला बघवेना. तुम्ही काय लावत होतात?

नाईटड्यूटी (४:३४)
गालाला आधी हायड्रोकोलॉइड ड्रेसिंगचा (त्वचा जपणारी मऊ पट्टी) तुकडा चिकटवा, मेडिकलमध्ये मिळतो. ट्यूबची चिकटपट्टी त्यावर. तो तुकडा रोज काढायचा नाही. आणि नाकाशी ट्यूबवर पेनने खूण करून घ्या. प्रत्येक वेळी पाजायच्या आधी खूण जागेवर आहे का बघा, आणि सिस्टरकडून ट्यूब पोटातच आहे हे तपासायला शिकून घ्या.