दुःखात असताना माणूस हसतो का? ताईबद्दल विचारायचंय

पंचवटीकर:
आमचे दादा (वडील) मागच्या महिन्यात गेले. दशक्रियेला गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) सगळे नातेवाईक जमलेले, आणि माझी ताई येईल त्याच्याकडे बघून हसत होती, "या काका, चहा घेतला का, गाडी कुठं लावली" असंच चाललेलं. कावळा पिंडाला शिवेना तेव्हा तर "दादांना जेवायची घाई कधीच नसायची" म्हणाली आणि परत हसली. आत्या सगळ्यांसमोर बोलली, हिला बापाचं काही वाटतच नाही. अहो दवाखान्यात रात्र रात्र जागलीये ती! मग हे हसू येतं कुठून?

चष्मेवाली:
सायकॉलॉजी शिकतेय म्हणून सांगते. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपल्या मर्जीने हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा खऱ्या आनंदातच आवळतो (काहींना तोही मुद्दाम जमतो म्हणा). म्हणजे तोंड हसतंय आणि डोळे नाही, असं होऊ शकतं. पुढे एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर काटा येईल अशा फिल्म दाखवल्या. एकटे असताना दोघांचे चेहरे साधारण सारखेच, पण संशोधक समोर येऊन बसला की जपानी मुलं किळस लपवून जास्त हसायला लागली. तुमच्या ताईचं बघा, घरात पाहुणे आले की आपण असेच वाढलोय ना, समोरच्याला अवघडल्यासारखं व्हायला नको. ते हसू पाहुण्यांसाठी होतं, दादांसाठी नव्हे.

बागवाला_निफाड:
शास्त्र मला कळत नाही पण गारपीट झाली त्या वर्षी द्राक्षाचा माल काढायला आलेला, मणी तडकून घड खाली पडलेले, बांधावर वास सुटलेला, आणि पंचनाम्याला माणसं आली तर मी काय बोललो माहितीये, "या साहेब, द्राक्ष खा, आज फुकट हाय." सगळे हसले, मी पण हसलो. बायको घरी गेल्यावर म्हणली तुम्हाला लाज कशी वाटली नाही. आता रडलो असतो तर पंचनामा करणाऱ्या त्या पोराला फॉर्म भरता आला असता का, आणि मलाही उभं राहता आलं नसतं भाऊ.

कॉलेज_रोड_रिसेप्शन:
मी नोकरीत दिवसभर हसते. याला भावनिक श्रम म्हणतात, हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवरून त्यावर पुस्तक लिहिलंय. घरी गेल्यावर गाल दुखतात आणि कुणाशी बोलावंसं वाटत नाही. त्यामुळे "हसत राहा, आपोआप बरं वाटेल" हे मला पटत नाही. दातात पेन धरलं (म्हणजे तोंड हसल्यासारखं होतं) की कार्टून जास्त मजेशीर वाटतात हा १९८८ चा प्रयोग सगळे सांगतात, पण २०१६ मध्ये १७ लॅबनी तो परत केला तेव्हा तसं काही दिसलं नाही, ते कुणी सांगत नाही.

चष्मेवाली:
@रिसेप्शन बरोबर, पण सगळंच हसू ओढूनताणून नसतं. बोनानो आणि केल्टनर यांनी १९९७ मध्ये जोडीदार गेलेल्या लोकांचा अभ्यास छापला, गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे मनापासून हसले त्यांना त्रास कमी होता. कावळ्याच्या वेळचं ताईचं वाक्य मला त्यातलं वाटतं, चहावालं हसू वेगळं.

पंचवटीकर:
हो, कावळ्याच्या वेळी डोळ्यात पाणी होतं खरं. पण आता सासरी गेलीये आणि फोनवर पण "मी मजेत" एवढंच.

बागवाला_निफाड:
फोन राहू द्या, एसटी पकडा आणि जाऊन बसा तिच्याजवळ. दादांचा विषय तुम्हीच काढा.

चष्मेवाली:
आणि झोप, जेवण नीट चाललंय का ते भाऊजींना विचारा. फारच बिनसलेलं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पंचवटीकर:
रविवारी जातो. आत्याला ड्युशेन समजवायला मात्र तुमच्यापैकीच कुणीतरी या, माझं ती ऐकत नाही.