मित्राची स्मृतिसभा: वेळ, वक्ते आणि फोटो

पुण्यात मित्राची स्मृतिसभा घ्यायची, पण त्याचे शाळेतले, ऑफिसातले आणि ट्रेकचे लोक एकमेकांना ओळखत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. खरी अडचण हीच. सगळ्यांना जोडणारा दुवाच गेलाय, म्हणून आधी घरच्यांकडून त्याच्या फोनमधली नावं घ्या आणि प्रत्येक गटातून एकेक माणूस निरोप पोचवायला नेमा. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला तर ज्येष्ठ मंडळी हमखास राहतात.

वेळ दीड तास पुरे. आठ वक्ते, प्रत्येकी चार मिनिटं; उरलेला वेळ चहाला, कारण अनोळखी लोक तिथेच बोलू लागतात. सूत्रसंचालकाने वेळेची चिठ्ठी पुढे सरकवायला लाजू नये. पहिला वक्ता वीस मिनिटं बोलला की पुढचे सात जण तेवढाच वेळ हक्काने घेतात! 'तो फार चांगला होता' यापेक्षा एकच प्रसंग सांगायला आधीच सुचवा. छातीवर चिकटवायच्या पट्टीवर नावाखाली 'शाळा', 'ऑफिस' असं लिहा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा मागवू नका, पाठवताना त्याची फाइल लहान होते आणि स्पष्टपणा जातो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल असले की चेहरा स्वच्छ येतो. ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा मात्र मोठा केला की बहुधा फुटतो.

नवी पेठ, सदाशिव पेठेतलं सभागृह घेतलंत तर पार्किंगचं आधी विचारा. रविवारी सकाळी १० बरं, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये निम्मे उशिरा येतात.