मूल होतं हेच सिद्ध करावं लागतं तेव्हा

फ्लाइटप्लॅन नावाचा पिक्चर आहे, त्यात विमानात मुलगी हरवते आणि कुणालाच ती आठवत नाही, तो मलाही आवडला पण ज्यांना तो आवडला त्यांनी १९६५चा बनी लेक इज मिसिंग बघाच, प्लीज. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर आहे, लंडनमध्ये घडतो. अ‍ॅन नुकतीच अमेरिकेहून आलीये, तिच्या पोरीचा, बनीचा, शाळेचा पहिला दिवस, घाईघाईत ती शाळेतल्या स्वयंपाकीणबाईला लक्ष ठेवायला सांगून निघते आणि दुपारी न्यायला येते तर पोरगी नाहीच, कुठल्या टीचरने तिला पाहिलेलंच नाही. घरी जावं तर तिच्या वस्तूही गायब. आणि खरी गोम पुढेच आहे, आपणही बनीला एकदाही पाहिलेलं नसतं! त्यामुळे लॉरेन्स ऑलिव्हिएने केलेला पोलीस सुपरिटेंडेंट शांतपणे प्रश्न विचारत जातो तसतसा आपलाही त्या आईवरचा विश्वास डळमळायला लागतो, मला तर स्वतःचीच लाज वाटली.

बाहुल्यांच्या दवाखान्याचा सीन तर विसरूच शकत नाही. बनीची बाहुली तिथे दुरुस्तीला दिलेली, तिची पावती अ‍ॅनला सापडते. तेवढा एक कागद घेऊन ती रात्रीची तिथे जाते, अंधार, हातात दिवा, चहूकडे मोडक्या बाहुल्यांचे चेहरे. आपलं मूल होतं हे पटवायला आईला बाहुली शोधावी लागते हो, पोटात कालवतं अगदी. पुढचं सांगत नाही. रात्री एकट्याने बघा.