रात्री विचारांचा भुंगा थांबत नाही: ‘चिंतेची वेळ’ नेमकी कशी पाळायची?

पाऊलवाट:
दिवसभर कामाच्या रगाड्यात काही जाणवत नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की सगळ्या काळज्यांची हजेरी सुरू होते. काळजी करायला रोज एक ठरावीक वेळ राखून ठेवावी, असा सल्ला बरेचदा वाचनात येतो. पण ती किती मिनिटं, कधी, त्यात करायचं काय, आणि मधेच विचार आला तर काय, हे कोणी सांगत नाही. काही जणांची चिंता याने उलट वाढते म्हणे, ती का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहावं.

शाईदौत:
पद्धत जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ती मांडली. मूळ आराखड्यात अर्धा तास, रोज तीच वेळ आणि तीच जागा. सुरुवातीला १५-२० मिनिटंही चालतील. झोपायच्या आधी किमान दोन-तीन तास तरी ती उरकलेली असावी. पलंगावर बसून करू नका, कामाच्या टेबलाशीही नको. एरवी फारशी न वापरलेली खुर्ची सगळ्यात बरी.

विचार दाबायचा नाही, ही यातली मेख आहे. ‘हे मनात आणायचं नाही’ असं बजावलं की, तो विचार आला तर नाही ना हे बघायला मन तोच पुन्हा वर काढतं. म्हणून दिवसा काळजी वाटली की छोट्या वहीत तीन-चार शब्द टिपायचे, ‘कर्जाचा हप्ता’, ‘बाबांचा रिपोर्ट’, आणि हातातल्या कामाकडे वळायचं. टीप लांबली की तिथेच चिंता करणं सुरू होतं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

ठरल्या वेळी गजर लावून बसा आणि यादी वाचा. जे आता बोचत नाही ते खोडा. उरलेल्या प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: यावर मला काही करता येण्यासारखं आहे का? असेल तर पुढची एकच कृती लिहा, १०-१५ मिनिटांत उरकेल अशी, वेळेसकट. ‘हप्त्याचं बघायचं’ असं लिहून काही होत नाही. ‘उद्या ११ वाजता बँकेत फोन करून मुदत वाढवून मिळेल का ते विचारायचं’ असं हवं. करण्यासारखं काही नसेल तर तीन ओळी: वाईटात वाईट काय होईल, जास्त शक्यता कशाची आहे, आणि तसं झालंच तर पहिल्या दिवशी मी काय करीन. गजर वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी उठायचं.

आता चिंता वाढते ती का. एक तर लोक न लिहिता नुसते विचार करत बसतात, आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नावर अडकतात. ‘का’ला तळ नसतो. ‘काय करू’ आणि ‘कसं करू’ यांना उत्तर मिळतं. दुसरं म्हणजे बरं वाटलं की वेळ चुकवतात. मग रात्री ‘उद्या बघू’ म्हटलेलं मनाला पटत नाही, कारण तो उद्या कधी आलेलाच नसतो. किमान दोन आठवडे रोज करा, मग निकाल लावा.

मंदप्रकाश:
वर सगळं नेमकं आलंय. मी अंथरुणाबद्दल लिहितो, कारण निम्मी अडचण तिथेच असते. रोज रात्री तिथे पडून काळजी केली की शरीराला सवय लागते, आणि उशीला डोकं टेकताच जाग येते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय आजही वापरला जातो: डोळे मिटायला लागल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, आणि साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं. हे अंदाजाने, घड्याळात बघायचं नाही. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचत बसा, फोन नको. डुलकी यायला लागली की परत जा. गरज पडेल तितक्या वेळा हेच.

सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पहिल्या आठवड्यात झोप आणखी कमी होते आणि लोक तिथेच सोडून देतात. ती कमी होणं अपेक्षित आहे, त्यातूनच पुढच्या रात्रींची झोप साठते. ज्यांना बायपोलर आजार किंवा फिट्सचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. झोप तुटली की आजार उसळू शकतो.

कॅफीनचा हिशेबही करून बघा. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. दुपारी ४ वाजता २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री ९ ला १०० आणि २ वाजता ५० शिल्लक असतं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

श्वास: चार आकडे मोजून आत, सहा मोजून बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटं. छाती भरून मोठे श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. सराव दिवसा, मन शांत असताना करा.

पाऊलवाट:
दोघांचेही आभार. वहीत रोज एकच काळजी परत परत येत असेल तर?

शाईदौत:
मागची नोंद उघडा आणि ठरवलेली कृती झाली का ते बघा. झाली नसेल तर ती जड होती, तिचे दोन तुकडे करा. झाली असूनही तीच काळजी येत असेल, तर ती विश्वासातल्या माणसाशी बोलायची गोष्ट आहे, वहीची नाही.

ओंजळ:
एक गोष्ट राहून जाते आहे. हे सगळं काळजीसाठी आहे. पण दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, भूक किंवा झोप बिघडली असेल, तर वही पुरत नाही. नैराश्य ओळखायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे. एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले की डॉक्टरांकडे जावं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

डॉक्टरांना थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायचं का तेही विचारा. यांच्या कमतरतेचा थकवा उदासीसारखाच दिसतो. नैराश्याची गोळी सुरू झाली तर मळमळ, अस्वस्थता हे त्रास आधी दिसतात, आणि गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. याच काळात बरेच जण गोळी बंद करतात. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करा, पण गोळी एकदम सोडू नका. बरं वाटल्यावरही ती हळूहळू, त्यांच्या सांगण्यानुसारच कमी करायची असते.