"गाडी वाजते ती तुमच्या भल्यासाठी" म्हणे!

शाहूपुरीकर
परवा आपल्या गटात एक पोस्ट फिरली. ज्यांच्या नजरेतनं सुटली त्यांच्यासाठी सार: नव्या गाड्यांतल्या टुंगटुंगीला वैतागणारे सगळे बेजबाबदार, गाडी वाजते ती तुमच्या भल्यासाठी, आणि ज्याला आवाज सोसत नाही त्यानं केएमटीच्या बसनं फिरावं. खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस.

मी बेल्ट लावतो. गल्लीतनं दूध आणायला निघालो तरी लावतो. त्यामुळं बेल्टवर कुणी प्रवचन देऊ नये. माझं म्हणणं त्या आवाजाबद्दल आहे. दार नीट बसलं नाही, टुंग. हँडब्रेक जरा वर राहिला, टुंग. पेट्रोल कमी, टुंग. लक्ष्मीपुरीतनं भाजी घेतली आणि पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलाय. दोन कोबी, एक दुधी आणि मेथीच्या पेंड्या यांना बेल्ट बांधून घरी आणलंय मी, आणि दसरा चौकाच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला ते बघून हसलाय.

हायवेला लागलं की वेगळाच ताप. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये वेगाची सूचना सक्तीची झाली. 80 च्या वर गेलं की थांबून थांबून, 120 च्या वर अखंड. केंद्रानं 2018 साली चौपदरी रस्त्याला कारसाठी 100 ची कमाल मर्यादा ठरवली, मग 80 पासून ओरडायचं कारण काय? कायद्यात राहून जाणाऱ्या माणसानंही पुण्यापर्यंत हे ऐकत जायचं?

माझ्या भावाच्या गाडीत लेन सोडली की वाजणारं यंत्र आहे. सहापदरीकरणाच्या कामात जुने पांढरे पट्टे एकीकडं, नवे दुसरीकडं आणि वळवलेला रस्ता तिसरीकडं. ती गाडी पेठ नाका येईपर्यंत चालवणाऱ्याचा जीव खाते. त्यानं बटण दाबून ते कायमचं गप्प केलं.

सगळ्या सूचनांना जवळपास एकच सूर असला की कान सरावतात. मग खरंच काही सांगायचं असेल त्या दिवशीही आपण "वाजतंय काहीतरी" म्हणून पुढं जातो. आणि आपल्या रस्त्यावर ज्यानं माणसं मरतात त्याला आवाजच नाही. हंगामात रात्री किणीच्या पुढं बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी असते, तिच्यासाठी कुठल्या गाडीत टुंग आहे ते त्या पोस्टवाल्यानं सांगावं.

गॅरेज_उद्यमनगर
काका, तुम्ही बेल्ट लावता म्हणून तुम्हाला फक्त आवाज दिसतो. आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका. "एवढं टुंगटुंग बंद कर." बेल्ट लाव म्हटलं की तोंड वाकडं. एकजण भंगारातनं बकलाची नुसती जीभ घेऊन आला होता, खोबणीत कायमची अडकवून ठेवायला. दुसरे बेल्ट पाठीमागनं घेऊन लावतात आणि त्याच्यापुढं बसतात. गाडीला वाटतं माणूस बांधलेला हाय. ठोकर बसली की एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडती. ती बेल्टनं धरून ठेवलेल्या माणसासाठी बनवलीय. तुम्ही मोकळे पुढं येताय आन् ती तुमच्याकडं येतीय, मग थोबाड कुणाचं फुटणार?

बेल्ट न लावता टुंगटुंग गप्प करायला बकलाच्या खोबणीत अडकवायच्या त्या क्लिपांचं तर नावच नको. 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीवरनं काढायला लावल्या. काही क्लिपा बाटलीचं बूच उघडायचं साधन म्हणून विकत होते. प्यायची सोय आन् मरायची सोय एकाच खिळ्याला टांगलेली.

एमएच09_नादखुळा
आली का सगळी शहाणी मंडळी! भावांनो, गाडी माझी, हप्ता माझा, जीव माझा. तुमच्या पोटात का दुखायलंय? कोल्हापूरनं आख्खा टोल उखडून टाकला, आम्हाला ही टुंगटुंग काय सांगती? क्लिप लावलीय आन् लावणार. विषय संपला.

रुईकर_कॉलनी_मंजू
प्रत्येक गोष्टीत टोल आणायचा नाद सोडा हो. टोलच्या आंदोलनात लोक स्वतःच्या खिशासाठी भांडले, डोकं फोडून घ्यायच्या हक्कासाठी नाही. आणि "जीव माझा" म्हणताना घरी कोण कोण आहे ते आठवा.

एमएच09_नादखुळा
ताई, घरचं काढू नका.

रुईकर_कॉलनी_मंजू
बरं, माझ्या घरचं काढते. आमच्या नव्या गाडीत मागच्या सीटलाही बेल्टची सूचना आहे. जोतिबाला निघालो, सासूबाई मागं. टुंग वाजलं की त्या "कुणाचा फोन वाजतोय बघा रे" म्हणतात. बेल्ट लावायला गेलं की पदराची पिन अडकते, पट्टा गळ्याला काचतो. अर्धा घाट त्यातच गेला. तरीही लावलाच. मागच्या सीटवर बेल्ट लागत नाही हा समज 4 सप्टेंबर 2022 ला जायला हवा होता. सायरस मिस्त्रींची गाडी काही स्वस्तातली नव्हती. मागचे दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. आणि मागचा बेल्ट नसला तरी मोटार वाहन कायद्याच्या 194 ब कलमाखाली हजार रुपये दंड आहे, हे इथं किती जणांना ठाऊक आहे?

शाहूपुरीकर
ठाऊक आहे हो. मी बेल्टच्या विरोधात लिहिलंच नाही. पुन्हा वाचा, सावकाश.

अतिदक्षता_ताई
शाहूपुरीकर, कान सरावतात हे तुमचं खरं आहे. मी आयसीयूत काम करते. रात्रभर मॉनिटर वाजत असतात आणि बऱ्याचदा पेशंटच्या बोटाची क्लिप निसटलेली असते, बाकी काही नसतं. नव्या मुली पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला धावतात, महिन्याभरानं मानही वळवत नाहीत. पण त्यावर उपाय म्हणून आम्ही मॉनिटरची पिन काढत नाही. पेशंट बघून मर्यादा लावून घेतो, क्लिप नीट बसवतो.

दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब आलं होतं. पुढच्या सीटवरच्या नवराबायकोच्या छातीवर खांद्यापासून बरगडीपर्यंत तिरका जांभळा वळ. त्या वळाला हात लावून ते विचारत होते, हे कधी जाईल? मागं बसलेली आत्या दोन सीटच्या मधनं पुढं फेकली गेली होती. बेल्ट तिच्या अंगाखाली होता, वापरलेला नव्हता. पुढचं लिहीत नाही.

निवृत्त_मास्तर
थोडा इतिहास सांगतो, रागावू नये. अमेरिकेत 1974 च्या मॉडेलना अशी सोय सक्तीची केली होती की पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. शाहूपुरीकरांच्या कोबीचा प्रश्न तिथंही आला. सीटवर किराणा ठेवला, कुत्रं बसलं, तरी इंजिन सुरू होईना. लोक एवढे खवळले की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं कायदा करून ती सक्ती रद्द केली, आणि बेल्टचा बझर आठ सेकंदांच्या वर वाजवायची सक्तीही करता येणार नाही असं ठरवलं. तात्पर्य, माणसाला चिडवून शिस्त लागत नाही.

गॅरेज_उद्यमनगर
मास्तर, अर्धाच धडा शिकवला. न्यूयॉर्कनं 1984 साली बेल्टचा कायदा केला, मागनं बाकीच्या राज्यांनी केला, आन् आज तिथं दहातले नऊ जण बेल्ट लावतात. दंड बसला, आवाजबी परत आले. चिडले, पण लावायला लागले.

निवृत्त_मास्तर
मान्य. पण मधली दहा वर्षं त्या चिडण्यात गेली, तेही मांडा.

कागलचा_वाहतूकदार
सगळं वाचलं. बेल्टवर काय ते बोला, पण ट्रॉलीवर घसरायचं काय कारण हो शाहूपुरीकर? अपघात झाला की ट्रॉलीवाला. रस्ता अडला की ट्रॉलीवाला. तुमच्या चहात साखर कुठनं येती? 

शाहूपुरीकर
साखर दुकानातनं येते आणि तिचे पैसे देतो. दिवा लावायला साखर आडवी येते का? दोन ट्रॉल्या जोडायच्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर स्पीकरच्या भिंती. ट्रॅक्टरवाल्याला गाणं सोडून काही ऐकू येत नाही आणि मागच्याला ट्रॉली सोडून सगळं दिसतं.

कागलचा_वाहतूकदार
ट्रॉलीचं मागचं टोक कधी हात लावून बघितलंय? फडात भरताना वायर तुटती. मोळ्या बाहेर आल्या की उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, दिव्यावर लोंबतंय. रिफ्लेक्टर लावला तरी चिखलानं एका खेपेत लाल पट्टी काळी होती. तोड आली की रात्र न् दिवस नाही, कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा असतोय, ऊस वाळला की वजन कुणाचं घटतंय? माझा चुलतभाऊ रस्त्याच्या कडंला ट्रॉलीचं चाक बदलत होता. हातात बॅटरी होती, मागं दगडं लावली होती, झाडाचा डहाळा टाकला होता. कार आली ती सरळ आत. त्याचा पाय गेला. कारवाला म्हणाला, दिसलंच न्हाई. समोरनं येणाऱ्या तुमच्यासारख्याच एकाच्या पांढऱ्या एलईडीनं त्याचे डोळे दिपले होते. त्या एलईडीवर लिहा की जरा!

एमएच09_नादखुळा
आता कसं बोललात मामा! ह्या हायबीमवाल्यांचा आधी कंडका पाडा. समोरच्यानं डिप्पर दिला तरी खाली घेत न्हाईत.

शाहूपुरीकर
चुलतभावाचं वाईट वाटलं. पण बॅटरी न् डहाळा ही काय व्यवस्था झाली? मागं ठेवायचा इशाऱ्याचा लाल त्रिकोण कितीला मिळतो? आणि चिखलानं पट्टी काळी होते तर पुसायला फडकं लागतं, अनुदान लागत नाही.

कागलचा_वाहतूकदार
शाहूपुरीत एसीत बसून फडकं शिकवू नका. एकदा या फडावर, पहाटे तीनला. मग बोलू.

रुईकर_कॉलनी_मंजू
दोघंही जरा दमानं घ्या. मूळ विषय काय होता?

अंबाघाट_रोजचा
ट्रॉलीवरनं आठवलं. शाहूपुरीकर म्हणाले ट्रॉलीसाठी टुंग नाही. आहे की. समोर धडक बसेल असं वाटलं तर वाजणारं आणि स्वतः ब्रेक मारणारं यंत्र आता आपल्याकडच्या गाड्यांतही मिळतं. माझ्या गाडीत आहे. पण ते कॅमेऱ्यावर अन् रडारवर चालतं, दाट धुक्यात आणि चिखल बसलेल्या काचेतनं त्यालाही धड दिसत नाही. आंब्याच्या घाटात पावसाळ्यात ते स्वतःच सांगतं, मी तात्पुरतं बंद आहे. आणि 80 च्या टुंगीचं म्हणाल तर जिथं काम चाललंय तिथं बोर्ड 40 चा असतो. तुमच्या 2018 च्या 100 ला तिथं कोण विचारतो? तुमचा तो भाऊ त्या वळणावर कितीनं जात होता ते आधी सांगा.

शाहूपुरीकर
भाऊ पन्नासनं जात होता. तरी वाजत होतं. म्हणूनच म्हणतो ते यंत्र आपल्या रस्त्यासाठी नाही.

अंबाघाट_रोजचा
40 च्या बोर्डावर पन्नासनं. नोंद घेतली.

गॅरेज_उद्यमनगर
😂 कागलच्या दादांना एक सांगायचं हाय. तुमच्या वायरा तुटत्यात कारण ट्रॉलीच्या खालनं नुसत्या सुतळीनं बांधलेल्या असत्यात. लोखंडी नळीतनं घ्या, मागचा दिवा चौकटीच्या आत बसवा, वाढं आलं तरी वरनं झाकंल, फुटणार न्हाई. एका ट्रॉलीला अर्ध्या दिवसाचं काम हाय. हंगाम सुरू व्हायच्या आधी घेऊन या, गेटवर नंबर लागल्यावर येऊ नका.

कागलचा_वाहतूकदार
किती घेणार?

गॅरेज_उद्यमनगर
ट्रॉली बघून सांगतो. दोन आणल्या तर कमी.

कागलचा_वाहतूकदार
बघू. नळीचं डोकं चांगलं हाय. पण शाहूपुरीकरांना सांगा, मी त्यांच्यासाठी करत न्हाई.

शाहूपुरीकर
कुणासाठीही करा, मागनं दिसा म्हणजे झालं. आणि ताईंचा तो मॉनिटरचा मुद्दा मला पटला, एवढंच लिहितो. पिन काढायची नाही, मर्यादा नीट लावायच्या. मग हे गाडी बनवणाऱ्यांना कुणी सांगायचं? बेल्टला एक सूर, दाराला दुसरा, पेट्रोलला नुसता दिवा पुरे. ही काय चंद्रावर जायची गोष्ट आहे? त्या पोस्टवाल्यानं यावर एक ओळ लिहिली असती तर मीही अंगठा दिला असता.

अतिदक्षता_ताई
यावर भांडण नाही. 

एमएच09_नादखुळा
सगळ्यांची गळाभेट झाली, आता मला बी घ्या. बरं, बेल्टची क्लिप काढतो. ताईंनी त्या आत्याचं लिहिलं म्हणून, गॅरेजवाल्याच्या भाषणामुळं न्हवं. पण 80 चं ते टुंग काढणारच. गॅरेजवाले, कुठली वायर कापू?

गॅरेज_उद्यमनगर
कुठलीच नाही. ते मीटरच्या आतनं येतंय, बाहेर वेगळी वायर नसती. मीटर खोलला की वॉरंटी गेली आन् काटाबी जागेवर राहील का सांगता येत न्हाई.

एमएच09_नादखुळा
आन् शेजारच्या सीटचं? आमच्याबी सीटवर दुधाची किटली असती. सीटखाली एक पिवळा कनेक्टर दिसतोय, तो काढला तर गप्प बसंल काय?

गॅरेज_उद्यमनगर
पिवळ्याला हात लावू नको!! पिवळा म्हंजे एअरबॅगचा. काढलास की मीटरवर लाल दिवा लागंल आन् स्कॅनर लावल्याशिवाय जायचा न्हाई. किटली खाली पायाजवळ ठेव.

एमएच09_नादखुळा
सांडती तिथं.

रुईकर_कॉलनी_मंजू
झाकण घट्ट बसणारी किटली घ्या. गंगावेशीत मिळते.