लहान मासेमारी होडीला विजेची मोटर बसवायची आहे: ताकद, बॅटरी आणि वायरिंगबाबत सल्ला हवा

निळी होडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी 14 फुटी फायबरची होडी आहे. दोन माणसे, जाळी, बर्फाची पेटी आणि बॅटरी धरून एकूण वजन साधारण 360 किलो भरते. मासेमारी खाडीतच, काठाकाठाने होते. सध्या मागच्या फळीवर 5 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. मात्र जाळे सोडताना हवा असलेला मंद वेग त्याला धरता येत नाही आणि उथळ पाण्यात त्याच्या आवाजाने मासे बुजतात. विक्रेते विजेच्या मोटरची ताकद पौंडांत सांगतात, त्यामुळे इंजिनाशी तुलना कशी करावी हे उमगत नाही. किती पौंडांची मोटर पुरेल, बॅटरी लेड-ॲसिड घ्यावी की लिथियमची, आणि बसवण्याचे काम स्वतः करता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

ओहोटी

पौंडांत सांगतात तो थ्रस्ट, म्हणजे पंख्याचा पाण्यावरचा रेटा. दर 45 किलो वजनामागे किमान 2 पौंड, असा सर्वसाधारण हिशेब आहे. त्यानुसार तुम्हाला 16 पौंड पुरतात, पण हा हिशेब संथ पाण्यापुरता आहे. खाडीत पाण्याच्या प्रवाहाची ओढ असते, वारा असतो, म्हणून 12 व्होल्टवर चालणारी 55 पौंडांच्या आसपासची मोटर घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण वेगात ती सुमारे 50 अँपिअर, म्हणजे 600 वॅट घेते. एक अश्वशक्ती 746 वॅटची, तेव्हा ही मोटर एका अश्वशक्तीलाही पोहोचत नाही, हे ध्यानात ठेवूनच अपेक्षा ठरवा. तुमच्या लांबीच्या होडीला पाणी कापत जाण्याची नैसर्गिक मर्यादाच ताशी नऊ किलोमीटरच्या जवळपास आहे, आणि या मोटरवर तुम्हाला साधारण सहा-सात मिळतील. समोरून ताशी चार किलोमीटरची ओढ असेल तर काठाच्या हिशेबाने दोन-तीनच उरतात. म्हणून मोटर निवडताना मासे कुठे लागतात यापेक्षा ओहोटीच्या ओढीविरुद्ध आणि उलट्या वाऱ्यात घरी कसे परतायचे, हा प्रश्न आधी सोडवावा.

आता बॅटरी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर 100 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत जेमतेम 1.28. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवते, तरीही फरक मोठाच राहतो. लेड-ॲसिडची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, आणि 50 अँपिअरसारखा जड भार लावला की तिची छापलेली क्षमताही हाती येत नाही. गाडीची बॅटरी तर मुळीच वापरू नका. तिचे पत्रे क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेले असतात आणि वारंवार खोलवर उतरवल्यास ती लवकर निकामी होते. लिथियमची बॅटरी 80-90 टक्के वापरता येते आणि वजनाने निम्म्याहून कमी असते, जे लहान होडीत फार मोलाचे आहे. पूर्ण वेगात ती पावणेदोन तासांच्या आसपास चालेल. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती बरीच घटते, कारण शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जाळे सोडण्याच्या मंद वेगात तीच बॅटरी अनेक तास पुरते. मात्र हा फायदा हवा असेल तर ठरावीक पाच गतींच्या साध्या मोटरऐवजी पल्स-विड्थ नियंत्रकाची, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून लागेल तेवढीच देणारी मोटर घ्या.

तारजोड

वायरिंगकडे लोक शेवटी पाहतात, खरे तर ते मोटर घेण्याआधीच ठरवावे. बॅटरी पुढे नाळेकडे आणि मोटर मागे, असे अंतर तीन मीटर धरले तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे होते. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरवर 50 अँपिअर वाहताना जवळजवळ 0.9 व्होल्ट वाटेतच जातात. 16 चौरस मिलिमीटर घेतली तर हीच घट 0.33 व्होल्टवर येते. वायर टिन केलेल्या, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच घ्या, कारण खाऱ्या हवेत साधे तांबे आवरणाच्या आतूनच हिरवे-काळे पडत जाते. टोकांना लग (वायर जोडायचे धातूचे तुकडे) पक्के दाबून बसवा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

बॅटरीच्या धन टोकाला जमेल तितका जवळ 60 अँपिअरचा डीसी सर्किट ब्रेकर, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा खटका, असलाच पाहिजे. घरातला एसी एमसीबी इथे चालणार नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यावर येऊन आपसूक विझत नाही. लिथियम बॅटरीतल्या संरक्षक सर्किटची सततची क्षमता 100 अँपिअर असावी, नाहीतर ओढीविरुद्ध जाताना नेमक्या वेळी ते वीज तोडते. चार्जरही लिथियमसाठीचाच घ्या.

सगळे जोडल्यावर होडी धक्क्याला घट्ट बांधून मोटर पूर्ण वेगात चालवा आणि बॅटरीवरचे व मोटरच्या टोकावरचे व्होल्टेज मोजा, फरक 0.4 पेक्षा जास्त आला तर एखादा जोड सैल आहे. मोटर बंद करून ब्रेकर पाडल्यावर प्रत्येक लगावर बोट ठेवून पाहा. जो गरम लागेल, तोच कापून नव्याने दाबा.

तंगूस

मागची फळी आधी ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर आतले लाकूड कुजलेले आहे, त्यावर क्लॅम्प आवळू नका. मोटरच्या उभ्या दांड्याची लांबी होडी पूर्ण भरून, माणसे बसवून मोजा. पंख्याचे वरचे पाते पाण्याखाली किमान 15 सेंटिमीटर हवे. मोटर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असल्याची खात्री करा, जस्ताच्या ॲनोडवर (गंज स्वतःवर घेऊन मोटर वाचवणाऱ्या तुकड्यावर) रंग लावू नका, आणि परतल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुऊन वर उचलून ठेवा.

खरा शत्रू पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा. वीज तोडून नट काढा, पंखा ओढून बाजूला करा, पंख्याच्या आसाच्या मुळाशी पाहा. तिथे अडकलेला धागा पाणी अडवणारे सील कापतो, मग पाणी आत शिरते आणि मोटर जाते.

निळी होडी

मनःपूर्वक आभार. पेट्रोल इंजिन आता काढून टाकावे का?

ओहोटी

नाही. दोन्ही मागच्या फळीवर शेजारी बसतील इतकी जागा असेल, तर इंजिन राहू द्या आणि विजेची मोटर फक्त जाळे सोडताना वापरा. त्या वाढीव वजनाने मागची बाजू खाली जाईल, म्हणून बॅटरी पुढे ठेवून ती पट्ट्याने आवळून बांधा. जागा नसेल तर इंजिन घरी ठेवा, पण वल्ही आणि नांगर होडीत असलेच पाहिजेत, आणि पहिल्या काही फेऱ्या भरतीबरोबर परतता येईल अशाच वेळी काढा.